टीमलायटर निनादला, कर्नाळ्याहून

कर्नाळा, ता. पनवेल
संक्रांतीनंतरचा रविवार

चि. निनाद यास,


तुझ्या ऑफिसच्या दारावरच्या पाटीचा फोटो तुझ्या आईने, आमच्या वहिनीने, पाठवला. वर तुझं नाव, खाली जर्मन अक्षरं. चष्मा पुसून वाचलं तर 'टीमलायटर'. तुझे काका शेजारी वालाच्या शेंगा निवडत बसले होते. ते म्हणाले, "एवढं शिकून पोरगा शेवटी लायटर झाला?" त्यांचं हसणं ओसरल्यावर मी देवापुढे साखर ठेवली. तिळगूळ द्यायला जो जो दारात आला त्याला बातमी सांगितली. आमचा निनाद स्टुटगार्टला अकरा माणसांचा प्रमुख झाला, असं सांगताना माझी मान किती ताठ झाली होती हे तू बघायला हवं होतंस.

पण राजा, वहिनी फोनवर आणखीही काही बोलली. तू रात्री एक-दोनपर्यंत जागतोस म्हणे. तुझ्याकडची मुलं संध्याकाळी वेळेवर घरी जातात, आणि त्यांचं अर्धवट राहिलेलं तू करत बसतोस. आईने विचारलं तर म्हणालास, "त्यांना समजावत बसण्यापेक्षा मी केलं की लवकर होतं." हे ऐकल्यापासून माझ्या जिवाला चैन नाही. म्हणून हे पत्र. मोबाइलवर लिहिलं असतं तर तू एक अंगठा पाठवून मोकळा झाला असतास. कागद हातात आला की निदान घडी घालून ठेवशील, आणि ठेवलेला कागद कधीतरी पुन्हा वाचला जातो.

आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं मी, त्यामुळे काही झालं की आधी शब्दाकडे वळायची माझी खोड तुला ठाऊक आहे. हसू नकोस. तुझ्या पाटीवरचा शब्द जर्मन असला तरी त्याचा इंग्रजी सख्खा भाऊ म्हणजे आपला रोजचा 'लीडर'. हा शब्द आपण इतका वापरतो की तो परका राहिलाच नाही. कामगारांचा लीडर, ट्रेकचा लीडर, आणि कुणी फार पुढे पुढे करायला लागला की "मोठा लीडर लागून गेलास का रे?" हेही आपलंच. जुन्या इंग्रजीत 'लिथन' असं एक क्रियापद होतं. अर्थ जाणे, प्रवास करणे. त्याच्या कुळातून 'लॅडन' निघालं, म्हणजे जायला लावणे, सोबत नेणे. तेच आजचं 'लीड'. आता सांग, आपल्या मराठी व्याकरणात याला काय म्हणतात? परीक्षेत तू हा प्रश्न नेहमी सोडून द्यायचास. प्रयोजक क्रियापद! चालणे-चालवणे, हसणे-हसवणे, शिकणे-शिकवणे. आई बाळाला चालवते. या वाक्यात कर्ता आई, पण चालतं कोण? बाळ.

एवढं एकच लक्षात ठेवलंस तरी या पत्राचं काम झालं म्हणेन. रात्री दोन वाजता दुसऱ्याचं काम तू उरकतोस तेव्हा तू नुसता चालतोयस. भराभर चालतोयस, कौतुक आहे. पण पाटीवरचा शब्द चालवायला सांगतो. बाळ हळू चालतं म्हणून आई त्याला कायम कडेवरच घेऊन फिरली, तर ती घर लवकर गाठेल, बाळाचे पाय मात्र तसेच राहतील.

तुझ्या जर्मन भाषेतही हाच हिशोब आहे बरं का. मागे तू तिकडचं गाडीचं लायसन्स काढलंस तेव्हा त्याला 'फ्युररशाइन' म्हणतात असं सांगून मला दचकवलं होतंस. मी मुद्दाम बघितलं. 'फारन' म्हणजे जाणे, प्रवास करणे, आणि त्याचं प्रयोजक रूप 'फ्युरन', म्हणजे चालवणे, नेणे. शेजारशेजारच्या दोन भाषांनी पुढाऱ्यासाठी शब्द घडवले आणि दोघींनीही 'जायला लावणे' हाच अर्थ धरला. त्यातला एक शब्द हिटलरने असा काही नासवला, की आता तुमच्याकडे 'फ्युरर' हा शब्द एकटा माणसाला लावायला लोक कचरतात. लायसन्सात आणि वाटाड्याच्या नावात तो राहिला. साहेबांच्या पाटीवर 'लायटर' आला. तुझ्या 'लायटर'चं लिंग बदललं की त्याचा अर्थ शिडी होतो, हेही तूच सांगितलं होतंस. त्या शिडीचं मूळ वेगळं, पण कुणी तुझ्या खांद्यावर पाय ठेवून वर चढलं तर वाईट वाटून घेऊ नकोस. तू मामांच्या खांद्यावर उभा राहूनच कैऱ्या पाडायचास.

मुसोलिनीलाही लोक 'दूचे' म्हणत. लॅटिनमधल्या 'नेणे' या क्रियापदाच्याच घरातला शब्द. न्यायचं खरं, पण कुठे, हे यातला एकही शब्द सांगत नाही. लोक खड्ड्यातही नेता येतात. आपल्या 'नेता' आणि 'नायक' या शब्दांत 'नी' धातू आहे, नेणे. त्याच धातूपासून 'नीती' आली आणि 'विनय'ही आला. भाषेने ही भावंडं एका घरात ठेवली आहेत. माणसं त्यांची वाटणी करून मोकळी होतात.

बरं, इकडची खबर सांगते, नाहीतर म्हणशील आत्याने तासच घेतला. थंडी यंदा बरी पडली आहे. सकाळी पडवीतून बघितलं की किल्ल्याचा सुळका धुक्यात कंबरेपर्यंत बुडालेला असतो. काकांचा गुडघा कुरकुरतोय, पण पोपटीला कोण अडवणार? परवा मागच्या शेतात पोपटी लावली. भांबुर्डीचा पाला तुझ्या भावाने आणला, वालाच्या शेंगा घरच्या, मडकंही नवं. पेंढा जास्त जाळल्यामुळे तळच्या शेंगा करपल्या, आणि काका सगळ्यांना पटवत होते की करपलेल्याच चवदार लागतात. तुझ्या नावाने चार शेंगा बाजूला काढल्या होत्या. त्या त्यांनीच खाल्ल्या. गोवा हायवेवर शनिवार-रविवार गाड्यांची रांग. अभयारण्यात पक्ष्यांपेक्षा माणसं जास्त. १९६८ साली हे अभयारण्य झालं, राज्यातलं पक्ष्यांसाठीचं पहिलं. तरी पहाटे गेलं तर भृंगराज अजून दिसतो, शेपटीची ती दोन लांब पिसं मिरवत. आणि उलव्याचा विमानतळ सुरू झाल्यापासून आभाळात विमानांची वर्दळ वाढली आहे. पुढच्या वेळी थेट इकडेच उतर, म्हणजे मुंबईच्या ट्रॅफिकचं निमित्त उरणार नाही.

विमानतळावरून आठवलं. नुकतीच जानेवारीची १६ आणि १७ तारीख होऊन गेली. तुझ्या पिढीला हे नीट माहीत नाही म्हणून लिहिते. १९८४ साली याच दोन दिवशी उरण भागातले शेतकरी जमिनींच्या मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरले होते. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. त्या लढ्याचे पुढारी दि. बा. पाटील, जासईचे. १९२६ चा जन्म, पनवेलचे पाच वेळा आमदार, दोनदा खासदार. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं तत्त्व आलं आणि इथल्या कितीतरी घरांचं नशीब पालटलं. ते २०१३ साली गेले. पण २०२१ मध्ये विमानतळाला त्यांचं नाव द्या म्हणून गावंच्या गावं रस्त्याच्या कडेला हातात हात धरून उभी राहिली. माझ्या शाळेतली जुनी मुलंही त्या साखळीत होती. इकडे कुणी त्यांना पूर्ण नावाने ओळखत नाही, दोन अक्षरांत 'दिबा' म्हणतात. त्यांना लोकनेते ही पदवी काही कुठल्या कंपनीने पत्र देऊन दिलेली नव्हती.

तुला मिळालं आहे ते कंपनीचं पत्र. त्याचं मोल आहेच, पगार त्यावरच येतो. पण त्या पत्राने तू फक्त साहेब झालास. लीडर तुला ती अकरा माणसं करणार, तेही त्यांना करावंसं वाटलं तर. आणि ज्याला आपलं काम रात्री साहेब परस्पर बदलून ठेवतो हे सकाळी कळतं, त्याला असं काही करावंसं वाटत नाही. त्याला वाटतं, माझ्यावर भरवसा नाही. हे तुला कुणी तोंडावर सांगणार नाही. मी सांगते, कारण मला तुझी भीती नाही.

तुला पाचवीतली सहल आठवते का, किल्ल्यावरची? मी आमच्या शाळेची मुलं घेऊन निघाले होते आणि तू हट्टाने बरोबर आलास. खालच्या जंगलातल्या वाटेपासूनच तू पुढे पळालास. शिपाईकाका मागून हाका मारत राहिले. तू सगळ्यांच्या आधी वर कर्णाईच्या देवळाशी पोचलास आणि ऐटीत बसून राहिलास. आम्ही वर आलो तेव्हा तुझे ओठ सुकून पांढरे पडले होते. पाण्याचा कॅन आणि डबे मागच्या मुलांकडे होते ना! आमच्यातली एक जाडजूड मुलगी एरवी सगळ्यांत मागे असायची, धापा टाकत यायची. शिपाईकाकांनी निघतानाच तिला मुद्दाम रांगेत पुढून दुसरी चालायला लावलं होतं, म्हणजे तिच्या चालीने रांग चालेल. तीच मुलगी त्या दिवशी सुळक्याच्या पायथ्यापर्यंत आली. नंतर दरवर्षी यायची. आता ती पनवेलला नर्स आहे, काकांच्या गुडघ्याला तीच पट्टी बांधून देते.

शिपाईकाकांना इंग्रजी येत नव्हतं. पण ते जे करत होते ते मला कुठल्या डिक्शनरीत इतकं स्वच्छ सापडलं नाही.

या डोंगराच्या भोवती पुढाऱ्यांच्या गोष्टी काही कमी नाहीत. १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरने कर्नाळा घेतला, तेव्हाच्या किल्लेदारांचं नाव अनंतराव फडके. त्यांचे नातू वासुदेव बळवंत, शिरढोणचे, १८४५ चा जन्म. पुण्याला लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होते. १८७९ साली त्यांनी बंड केलं आणि रामोशी, कोळी, धनगर त्यांच्याबरोबर उभे राहिले. रामोश्यांच्या प्रमुखाला नाईक म्हणत, आणि नाईक म्हणजे नायकच, तोच 'नी' धातू. दौलतराव नाईक हे वासुदेव बळवंतांचं मोठं बळ. त्या वर्षीच्या मे महिन्यात दौलतरावांनी आपल्या इथल्या पळस्प्यावर आणि चिखलीवर धाड घातली, आणि घाटावर परत जाताना मेजर डॅनियलच्या तुकडीशी झालेल्या चकमकीत ते मारले गेले. वासुदेव बळवंतांचं बळच तुटलं. जुलैत ते पकडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ ला एडनच्या तुरुंगात वारले. सरकारी कागदांत ते दरोडेखोरांचे म्होरके, आपल्याला आद्य क्रांतिवीर. इंग्रजांकडे अशा माणसासाठी 'रिंगलीडर' असाही शब्द आहे. फेर धरून नाचताना जो पुढे असायचा त्याच्यावरून तो आला असं म्हणतात. बंडाशी त्याचा संबंध नंतर आला. लिहिणारा कोण, यावर पुढाऱ्याचा शब्द ठरतो, हे तुलाही अनुभवायला मिळेल. वरच्या साहेबांच्या रिपोर्टात तू एक असशील आणि तुझ्या माणसांच्या जेवणाच्या टेबलावर दुसरा. दोन्हीकडे एकच राहायचा प्रयत्न कर.

वासुदेव बळवंतांपुढे आपण कोण? पण मला त्या गोष्टीत नेहमी दौलतरावच जास्त दिसतात. एवढ्या मोठ्या माणसाचं बळही एका दुसऱ्या माणसात होतं. तुझा दौलतराव कोण आहे, निनाद? तू आजारी पडलास तर आठवडाभर कारभार कोण बघेल? उत्तर 'कुणी नाही' असं असेल तर तू मोठा झालास असं समजू नकोस. तू फक्त एकटा पडलास.

तुमच्या पोरांच्या तोंडी एक वाक्य असतं, "लोड घेऊ नकोस." मला आधी ते आवडायचं नाही. मग एकदा 'लोड'चं मूळ वाचलं आणि शब्द आवडायला लागला. जुन्या इंग्रजीतला 'लाद', म्हणजे वाट, प्रवास, वाहून नेणं. आपलं 'लादणे' त्याच्याशी जुळतं तो निव्वळ योगायोग, पण मजेशीर आहे. हा 'लोड' आणि तुझा 'लीड' दोघं एका रक्ताचे. त्याच घरात 'लोडस्टार'ही आहे, वाट दाखवणारा तारा, म्हणजे ध्रुव. आधी वाट होती. तिच्यावरून वाहून न्यायचं ओझं असा अर्थ मागाहून चिकटला. तेव्हा लीडर म्हटला की लोड आलाच, तो नको म्हणून चालणार नाही. मी एवढंच म्हणते की ओझी वाटून द्यायला शीक. ज्याला अजून जमत नाही त्याच्याही डोक्यावर थोडं दे आणि त्याच्या शेजारून चाल. वाटेत खाली पडलं तर दोघांनी मिळून उचलायचं.

सहावीत तू मॉनिटर झाला होतास, आठवतं? बाई वर्गाबाहेर गेल्या की फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं. एकदा बोलला तर नाव, पुन्हा बोलला तर पुढे गुणिले दोन, गुणिले तीन. एकदा मी दारातून बघत होते. फळा नावांनी भरला होता आणि वर्ग आणखीच गोंगाट करत होता, कारण नाव तर लागलंच आहे, आता घाबरायचं कशाला! वहिनी म्हणाली, तू आता कॉम्प्युटरवर एक तक्ता ठेवतोस, कुणाचं काम किती दिवस लांबलं त्याला लाल, पिवळा, हिरवा रंग. ठेव बाबा, तुमच्या कामात लागत असेल. पण तक्ता भरून झाला की लाल रंगाच्या माणसाजवळ जाऊन खुर्ची ओढून बस. विचार, कुठे अडलंय? कदाचित त्याच्या घरी आजारपण असेल. कदाचित तुझं इंग्रजी त्याला समजत नसेल आणि तो ते सांगायला लाजत असेल. मॉनिटर शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये सावध करणं असं आहे. सावध करून झालं की त्याचं काम संपतं, आणि तुझं तिथून सुरू होतं.

आणखी एक. चांगलं काम झालं की ज्याने केलं त्याचं नाव घे, वरच्या लोकांसमोर घे, आणि तो समोर असताना घे. आपल्या इथून हायवेने जरा पुढे तारा गावी युसुफ मेहेरअली सेंटर आहे, १९६१ साली सुरू झालेलं. तिथलं घाण्याचं तेल आणि साबण मी अजून आणते, तुझ्या बॅगेतही एक वडी टाकली होती. ज्यांच्या नावाने ते आहे ते मेहेरअली १९४२ साली मुंबईचे महापौर झाले. 'क्विट इंडिया' ही घोषणा त्यांचीच मानतात. स्वतः एवढे पुढारी, वारंवार तुरुंगात गेलेले, आणि त्याच १९४२ साली त्यांचं पुस्तक निघालं, 'लीडर्स ऑफ इंडिया'. नाव नीट बघ. पुढाऱ्यांविषयीचं पुस्तक, आणि लिहिणाऱ्याने त्यात इतरांची चित्रं काढली. सत्तेचाळीसाव्या वर्षी, १९५० मध्ये, ते गेले. वय फार मिळालं नाही, पण दुसऱ्याचं मोठेपण लिहायला त्यांनी वेळ काढला. तुझ्या दर आठवड्याच्या मेलमध्ये दोन नावं लिहायला किती वेळ लागतो?

काका म्हणतात, पत्र फार लांबलं, अग्रलेख लिहितेस का. त्यांना काय माहीत, विलायतेत अग्रलेखालाही 'लीडर'च म्हणतात. आणि तिकडच्या इंग्लंडमधल्या वाद्यवृंदात पहिल्या रांगेत बसणाऱ्या मुख्य व्हायोलिनवाल्यालाही लीडर म्हणतात. मला हा वापर फार आवडतो. तो सगळ्यांबरोबर वाजवतो, त्याच्या गजाकडे बघून बाकीचे गज हलतात. पण तो वाजवतो ते स्वतःचंच व्हायोलिन. मागच्या रांगेतला सूर चुकला म्हणून उठून त्याच्या हातातलं वाद्य काढून घेत नाही. तू तुझं काम सोड असं मी कधीच म्हणणार नाही. हात चालवत राहिलंच पाहिजे, नाहीतर हुकूम सोडणाऱ्या साहेबांची कमी कुठे आहे? फक्त दुसऱ्याच्या हातातलं काढून घेऊ नकोस.

आता तुझ्या आत्याचं एक ऐक. येत्या आठवड्यात एक काम निवड, जे तू रात्री स्वतः करून टाकतोस. तुझ्याकडच्या सगळ्यांत संथ मुलाला किंवा मुलीला बोलाव. शेजारी बसव आणि तिच्याकडून ते करून घे. दुप्पट वेळ लागेल. मधेच तुझा हात कीबोर्डकडे जाईल, तेव्हा तो मांडीखाली दाबून ठेव. ती चुकेल, तू बघत राहा. पुढच्या वेळी तिला कमी वेळ लागेल आणि तुला त्या रात्री झोप लागेल. हे एकदा जमलं की दुसरं काम, दुसरा माणूस. घाई नाही. चाळीस-चाळीस पोरांच्या वर्गाला मी असंच वाचायला शिकवलं. वाचून दाखवणं सोपं असतं रे, टाळ्याही मिळतात. वाचायला लावणं अवघड, आणि त्याला टाळ्या मिळत नाहीत. कित्येक वर्षांनी कुणीतरी बाजारात भेटून वाकून नमस्कार करतं, तेवढंच.

आणि रात्री अकराला झोप. तुझ्या आजोबांनाही जागरणाची सवय होती, त्यांच्या रक्तदाबाचं पुढे काय झालं ते तू बघितलंस. सकाळी बर्फ असलं तरी बाहेर अर्धा तास चाल. वरण-भात स्वतः शिजव, रोज ब्रेड खाऊ नकोस. वहिनीला रविवारी फोन कर आणि तिच्याशी कामाचं बोलू नकोस, तिला त्यातलं फक्त तुझं जागरण कळतं. दादाचं बोलणं कमी झालं आहे, पण तुझा फोन येऊन गेला की तो संध्याकाळभर कुणालातरी गाठून जर्मनीच्या हवेविषयी बोलत असतो. तेवढं त्याला पुरतं.

तुझ्या अकरा जणांना माझा आशीर्वाद सांग. त्यांची नावं मला लिहून पाठव, प्रत्येकाचं, आणि कोण काय चांगलं करतं तेही. सगळ्यांची नावं आणि गुण तुला न अडता लिहिता आले तर मी समजेन की गाडी रुळावर आहे. अडलास तर पत्राचा पहिला भाग पुन्हा वाच.

मोठा हो. मोठा आहेसच.

तुझी,
आत्या

ता. क. पुढच्या महिन्यात काकांच्या मित्राचा मुलगा तिकडे येतोय. त्याच्याबरोबर कडवे वाल, मेतकूट आणि ताऱ्याच्या साबणाच्या सहा वड्या पाठवते. वाल रात्री भिजत घाल, मोड येऊ देत, सोलायला मित्रांना बसव. एकट्याने सोलत बसू नकोस.